मिठाच्या पाण्यातून वीज जाते तेव्हा नेमकं काय जातं?

खडेमीठ

दहावीच्या धातुविज्ञानाच्या धड्यात एक मुद्दा येतो: आयनिक संयुगं (मिठासारखे, आयनांचे म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांचे पदार्थ) स्थायू अवस्थेत वीज वाहून नेत नाहीत, वितळल्यावर किंवा पाण्यात विरघळल्यावर नेतात. मुलं तो पाठ करतात आणि गुण मिळवतात. पुढे विचारावं, की मिठाच्या पाण्यातून वीज जाते म्हणजे काय जातं, तर उत्तर येतं, "इलेक्ट्रॉन". बारावीची मुलंही हेच सांगतात, इंजिनिअर झालेली माणसंही. मी रसायनशास्त्र शिकवतो. या एका उत्तरामुळे विषयाचा गाभाच हातून निसटतो असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन सरकतात आणि तांबं जागच्या जागी राहतं. मिठाच्या पाण्यात सोडिअमचे धनायन एका बाजूला आणि क्लोराइडचे ऋणायन दुसऱ्या बाजूला चालू लागतात. म्हणजे तिथे पदार्थच प्रवास करतो. ॲमीटरचा काटा दोन्हीकडे सारखाच हलतो, पण आत घडणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात.

धातूत पदार्थ हलत नाही, हे कशावरून? एडुआर्ड रीके या जर्मन शास्त्रज्ञाने १९०१ साली याचाच शोध घेतला. तांबं, ॲल्युमिनियम, तांबं असे तीन दंडगोल टोकाला टोक लावून ठेवले आणि जवळजवळ वर्षभर त्यांतून एकाच दिशेने वीज सोडली. एकूण विद्युतभार गेला साधारण ३५ लाख कूलॉम. तांब्याचे आयन वीज वाहत असते तर फॅरडेच्या नियमाने (किती विद्युतभारामागे किती पदार्थ जातो ते सांगणारा) एक किलोहून जास्त तांबं पलीकडे जायला हवं होतं. हिशोब सोपा आहे: ३५ लाख भागिले ९६,४८५ (एक मोल इलेक्ट्रॉनचा भार), त्याचे निम्मे (तांब्याच्या आयनावर दोन भार), गुणिले ६३.५ ग्रॅम (एक मोल तांबं). प्रत्यक्षात तांबं ॲल्युमिनियममध्ये गेलं नाही, ॲल्युमिनियम तांब्यात आलं नाही. सगळ्या धातूंमध्ये समान असलेलं काहीतरी वीज वाहतं, एवढाच अर्थ उरला. इलेक्ट्रॉनचा शोध तेव्हा नुकताच, १८९७ मध्ये लागला होता.

आता आकडे बघा. वाहकता सीमेन्स प्रति मीटरमध्ये मोजली तर तांब्याची सुमारे ६ कोटी, ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळलेल्या मिठाची साडेतीनशेच्या घरात, समुद्राच्या पाण्याची ५. तांबं वितळलेल्या मिठाच्या दीड लाख पटींहून पुढे आहे. मिठात वाहक कमी म्हणून असं होतं, असा समज सहज होतो, पण एक घनमीटर तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन ८.५ × १०^२८ असतात आणि तेवढ्याच वितळलेल्या मिठात आयन ३ × १०^२८ च्या आसपास. जेमतेम तिपटीचा फरक! बाकी सगळा फरक चालण्याच्या सहजतेत आहे. आयन वजनाने इलेक्ट्रॉनच्या हजारो पट, शिवाय भोवती विरुद्ध भाराच्या आयनांचा गराडा.

आणि स्थायू मीठ? आयन तितकेच, पण जालकात, म्हणजे स्फटिकातल्या ठरलेल्या मांडणीत, जागच्या जागी जखडलेले. इलेक्ट्रॉन प्रत्येक आयनाने घट्ट धरलेले. ते सोडवायला साडेआठ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते आणि खोलीच्या तापमानाला उष्णतेतून मिळते ती एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा जेमतेम चाळिसावा भाग. त्यामुळे दोन्ही दारं बंद.

दहावीची_आई

सर, वाचून लेकाला दाखवलं. त्याचा प्रश्न जशाच्या तसा देते. बॅटरीपासून पाण्यातल्या कांडीपर्यंत तारेतून इलेक्ट्रॉन येतात, हे कळलं. पाण्यात ते जात नाहीत, हेही कळलं. मग कांडीच्या टोकाला येऊन त्यांचं होतं काय? साठून राहतात का? आणि दुसऱ्या कांडीतून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन कुठून येतात?

खडेमीठ

ताई, त्याला माझी शाबासकी सांगा. या विषयातला सगळ्यात मोलाचा प्रश्न त्याने विचारला आहे.

इलेक्ट्रॉन कांडीच्या टोकाला येऊन थांबू शकत नाहीत. तिथे कोणीतरी ते घ्यावे लागतात. ऋणाग्रापाशी (बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या कांडीपाशी) पाणी ते घेतं, हायड्रोजन वायू सुटतो आणि मागे हायड्रॉक्साइड आयन उरतात. धनाग्रापाशी (दुसऱ्या कांडीपाशी) क्लोराइड आयन आपले जादा इलेक्ट्रॉन देऊन टाकतात आणि क्लोरीन होतो. मीठ फार पातळ असेल तर तिथे ऑक्सिजनही सुटतो. म्हणजे दोन्ही टोकांना रासायनिक अभिक्रिया घडल्याशिवाय वर्तुळ पूर्ण होतच नाही. धातूच्या तारेत अशी अभिक्रिया कुठेच लागत नाही. मीठ आणि धातू यांच्यातला मूळ फरक दाखवायला याहून चांगली जागा नाही.

आणखी एक गंमत त्याला सांगा. पाण्यातून ऋणाग्राकडे चालत येतो तो सोडिअम, पण इलेक्ट्रॉन घेतं पाणी. सोडिअम तिथे येऊन आयन म्हणूनच राहतो. वाहून नेणारा एक आणि टोकाला बदलणारा दुसरा, असं होऊ शकतं.

प्रयोग घरी करता येईल. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक एलईडी, ४७० ओहमचा एक रेझिस्टर आणि दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली घ्या. सगळं एका रांगेत जोडा. पेन्सिलींची टोकं कोरड्या, भाजून गार केलेल्या मिठात खुपसा: एलईडी लागणार नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवा: जवळजवळ अंधारच. त्यात चिमूटभर मीठ टाकून ढवळा: लगेच उजेड. टोकांवर बुडबुडे दिसतील आणि एका टोकाला स्विमिंग पूलसारखा वास येईल. तो क्लोरीन आहे, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि दोन-चार मिनिटांत थांबवा. भिंतीतल्या प्लगची वीज यासाठी कधीही वापरायची नाही.

मीठ भाजायला सांगतो त्याला कारण आहे. पावसाळ्यात बरणीतलं खडेमीठ ओलसर होतं. त्यात मॅग्नेशिअम क्लोराइडचा अंश असतो, तो हवेतला ओलावा ओढून घेतो. खड्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसतो आणि त्यातून वीज जाते. मग मुलाला वाटेल, पुस्तकात चुकीचं छापलं आहे.

जोडतार

धागा आवडला. मी वायरमन आहे, पुस्तकी भाषा माझी नाही, पण आमच्या धंद्यात हे रोज समोर येतं. अर्थिंगचा खड्डा करतो तेव्हा पाइपभोवती किंवा प्लेटभोवती कोळसा आणि मिठाचे थर देतो. वर फनेल ठेवतो, उन्हाळ्यात त्यातून पाणी ओतायला सांगतो. लोक मीठ विसरत नाहीत, पाणी विसरतात. "मीठ भरलंय ना भरपूर, मग पाणी कशाला?" असं म्हणणारे खूप भेटतात.

एप्रिल-मेमध्ये जमीन सुकते तेव्हा अर्थ मेगर (अर्थिंगचा रोध मोजायचं यंत्र) लावला की आकडा कुठच्या कुठे चढलेला असतो. बादलीभर पाणी ओतून थोडं मुरू दिलं की उतरतो. त्याचं कारण इथे वर लिहिलंय तेच: कोरडं मीठ म्हणजे दगड. पाण्यात सुटलं तरच कामाचं. कोळसा ओल धरून ठेवतो, शिवाय स्वतःही थोडी वीज नेतो.

कोकणात कातळावर आणि घाटावर काळ्या पाषाणात खड्डा घेणं सगळ्यात अवघड. माती कमी, ओल टिकत नाही, आणि कोरड्या दगडातून वीज जातच नाही म्हणा. तिथे एका खड्ड्यावर भागत नाही, दोन-तीन घेऊन जोडावे लागतात. मिठाचा तोटाही सांगतो. तेच मीठ जीआय पाइप खातं आणि दर पावसाळ्यात थोडं थोडं धुऊन जातं. म्हणून आता बरेच जण बेंटोनाइट मातीचं मिश्रण भरतात, ती ओल जास्त दिवस धरते. ज्यांच्या घरी जुना मीठ-कोळशाचा खड्डा आहे त्यांनी एकदा मेगर लावून घ्या. आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला असला तरी अर्थिंग नीट हवंच.

निरभ्र

मीठ-पाण्याचा रोध मल्टीमीटरने मोजायला गेलो तर आकडा एका जागी थांबत नाही. चढत जातो, प्रोब उलटे केले की खाली येतो, परत चढतो. प्रोब नवे आहेत. तारेचा रोध याच मीटरवर अगदी स्थिर येतो. मग पाण्यातच असं का?

स्फटिक

निरभ्र, मीटर ठीक आहे. ओहमच्या सेटिंगवर मल्टीमीटर एकाच दिशेची वीज सोडतो. ती वाहू लागली की प्रोबजवळ आयनांचा जमाव होतो, वायूचा थर बसतो, आणि ते सगळं मिळून विजेचा उलट दाब (व्होल्टेज) तयार करतात. तुम्ही मोजत असता तो निम्मा पाण्याचा रोध आणि निम्मी प्रोबच्या टोकावरची भानगड. तारेत टोकाला असलं काही घडत नाही, म्हणून तिथे आकडा स्थिर.

एकोणिसाव्या शतकात सगळेच इथे अडले होते. फ्रीडरिख कोलराउश यांनी प्रत्यावर्ती विजेचा वापर करून तोड काढली. दिशा इतक्या भरभर बदलायची की टोकाला काही साठायला वेळच मिळू नये. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा देणारे आजचे टीडीएस मीटर आणि वाहकतामापक त्याच तत्त्वावर चालतात. जोडतार दादा वापरतात तो अर्थ मेगरही प्रत्यावर्ती वीजच सोडतो, कारण जमिनीतली ओल म्हणजे पातळ खारं पाणीच की!

पॉटलाइन

मी मूळचा नगरकडचा, सध्या आखातात ॲल्युमिनियम स्मेल्टरमध्ये आहे. सरांनी लिहिलेला फरक आमच्याकडे एका छपराखाली दिसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲल्युमिना, म्हणजे ज्यातून आम्ही धातू काढतो ते ॲल्युमिनियम ऑक्साइड, वितळतो दोन हजार अंशांच्या वर, तो वितळवत बसणं परवडणारं नाही. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, एकच युक्ती काढली: ॲल्युमिना वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवायचा. क्रायोलाइट म्हणजे सोडिअम-ॲल्युमिनियमचं फ्लोराइड, रसायनशास्त्राच्या अर्थाने (आयनांचं संयुग) एक मीठच. आमच्या बोलीत या द्रवाला 'बाथ' म्हणतात. तापमान ९६० अंशांच्या आसपास. वर कार्बनचे ॲनोड, खाली साचलेलं वितळलेलं ॲल्युमिनियम, आणि मधे बाथचा चार-पाच सेंटीमीटरचा थर.

अशा एका भट्टीला पॉट म्हणतात, आणि शेकडो पॉट एकामागून एक जोडलेले. प्रत्येकावर साडेचार व्होल्टच्या आत-बाहेर, पण वीज तीन-चार लाख ॲम्पिअर. एका पॉटमधून दुसऱ्यात ती जाते ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्यांमधून, म्हणजे बसबारमधून. हे बसबार वर्षानुवर्षं तसेच आहेत, झिजत नाहीत, बदलत नाहीत. तीच वीज बाथमध्ये शिरली की पदार्थ उलटापालटा होतो. ३ लाख ॲम्पिअरच्या पॉटमधून दिवसाला सव्वादोन टन धातू निघतो. ॲनोडचा कार्बन ऑक्सिजनबरोबर जळून जातो, दर किलो ॲल्युमिनियममागे चारशे ग्रॅमच्या आसपास. ॲनोड सतत बदलत राहावे लागतात.

मघाशी सरांनी सोडिअमचं सांगितलं, तसं आमच्याकडेही आहे. बाथमधून वीज मुख्यतः सोडिअमचे आयन वाहतात, पण तळाशी जमतं ॲल्युमिनियम. हे मला नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आश्चर्य वाटलं होतं.

आता सगळ्यात भीतीची गोष्ट. वीजपुरवठा गेला की घड्याळ सुरू. तास-दोन तास निभतं. चार-पाच तासांच्या पुढे बाथ गोठायला लागतो, आणि गोठलेलं मीठ वीज घेत नाही. वीज परत आली तरी उपयोग नाही, कारण जिला वीज देऊन तापवायचं ती वस्तूच आता वाट देत नाही. पॉट फोडून, साफ करून, नव्याने सुरू करावे लागतात. त्याला महिने लागतात आणि खर्च अफाट. 'स्थायू मीठ वीज वाहत नाही' हे दहावीचं वाक्य आमच्याकडे कंट्रोल रूममधल्या प्रत्येकाच्या डोक्यात कायम असतं.

विहीरवाला

या धाग्याशी जवळचा विषय आहे म्हणून विचारतो. आमच्या गावात वॉटर प्युरिफायर विकणारे येऊन गेले. दोन ग्लास ठेवले, एकात आमच्या विहिरीचं पाणी, एकात त्यांच्या आरओचं. दोन्हींत दोन-दोन सळया असलेलं यंत्र घातलं आणि प्लग लावला. मिनिटभरात आमचं पाणी तपकिरी, गढूळ, वर फेस. त्यांचं स्वच्छ. "हे बघा तुम्ही काय पिताय" म्हणाले. आई-वडील घाबरले. त्या पाण्यात खरंच ती घाण होती का?

खडेमीठ

नव्हती. ती घाण यंत्राच्या सळईतून आली. त्या सळयांमध्ये एक लोखंडाची आणि एक ॲल्युमिनियमची असते. तुमच्या विहिरीच्या पाण्यात कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, सोडिअमचे क्षार विरघळलेले आहेत, म्हणून त्यातून वीज जाते. वीज गेली की टोकाला अभिक्रिया होणारच, आणि इथे लोखंड स्वतःच विरघळतं. त्याचं हायड्रॉक्साइड होऊन हिरवट-तपकिरी साका दिसतो, बुडबुडे त्याला वर आणतात. आरओच्या पाण्यात आयन फार थोडे, म्हणून वीज जेमतेम जाते आणि सळई शाबूत राहते. एवढाच तो खेळ. घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसांना असं दाखवून पैसे काढणं मला अत्यंत वाईट वाटतं.

पुढच्या वेळी कोणी आलं तर त्यांनाच सांगा, तुमच्या आरओच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचं मीठ टाका आणि मग यंत्र लावून दाखवा. तेही तसंच तपकिरी होईल. तुम्ही स्वतः मात्र त्या सळयांना किंवा ग्लासातल्या पाण्याला हात लावू नका, प्लगची वीज आहे.

टीडीएस मीटरबद्दलही सांगतो. तो क्षारांचं वजन करत नाही. वाहकता मोजतो आणि तिला ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतो. गुणक साधारण ०.५ ते ०.७. भारतीय मानक १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ५०० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. त्यामुळे क्षार किती आहेत याचा अंदाज मीटर चांगला देतो. पण जंतू वीज वाहत नाहीत, कीटकनाशकांचे बहुतेक रेणूही नाहीत. आकडा कमी आला म्हणून पाणी सुरक्षित ठरत नाही. विहिरीचं पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या, जंतूंची तपासणी जरूर करा.

स्फटिक

एक भर घालतो, कारण 'स्थायू मीठ वाहत नाही' हा नियम जिथे मोडतो ती जागा मला या विषयात सर्वांत प्रिय आहे. मी घनावस्थेतल्या आयनांवरच काम करतो.

सिल्व्हर आयोडाइड घ्या. पिवळसर, साधं मीठ. १४७ अंशांपर्यंत ते शहाण्यासारखं वागतं. १४७ ओलांडलं की जालकाची रचना बदलते आणि वाहकता एकदम हजारो पटींनी उडी मारते. ते वितळलेलं नाही हं, स्थायूच आहे! आयोडाइड आयन आपापल्या जागी चौकट धरून उभे राहतात आणि चांदीचे आयन त्या चौकटीतल्या रिकाम्या जागांमधून जणू द्रव असल्यासारखे वाहतात. समुद्राच्या पाण्याच्या वीस-पंचवीस पट वाहकता. आणि कळस म्हणजे ५५८ अंशांना ते वितळतं तेव्हा वाहकता थोडी कमी होते. टुबांट आणि लोरेन्झ यांनी हे १९१४ मध्ये प्रसिद्ध केलं.

साध्या मिठातही तापवल्यावर थोडी वाट निघते. जालकात काही जागा रिकाम्या असतात, तापमान वाढलं की त्या वाढतात, आणि शेजारचा आयन त्यात उडी मारतो. पण ८०१ अंशांना वितळतानाच खरी मोठी उडी दिसते.

याचा उपयोग दूर नाही. मोटारीच्या सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. त्यात झिर्कोनियाचा तुकडा असतो आणि तापल्यावर त्यातून ऑक्साइडचे आयन सरकतात. चिनी मातीसारख्या कडक वस्तूतून ऑक्सिजन चालतो! सॉलिड-स्टेट बॅटरीसाठी जगभर जी धडपड चालली आहे तीही अशीच: लिथिअमचे आयन स्थायूतून सहज चालावेत, आणि इलेक्ट्रॉनला मात्र तिथून वाट मिळू नये. इलेक्ट्रॉनला आतून वाट मिळाली तर बॅटरी आतल्या आत रिकामी होईल.

निरभ्र

तापमानाचा मुद्दा निघालाच आहे तर: पाणी गरम केलं की टीडीएसचा आकडा वाढतो असं दिसलं. क्षार तर तेवढेच.

खडेमीठ

क्षार तेवढेच, चालणं सोपं. गरम पाणी पातळ होतं, आयनाला अडथळा कमी, दर अंशाला वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. चांगले मीटर हे वजा करून २५ अंशांचा आकडा दाखवतात, स्वस्तातले कधी कधी नीट दाखवत नाहीत.

धातूत उलट होतं. तापमान वाढलं की अणू जास्त थरथरतात आणि इलेक्ट्रॉनची वाट अडवतात. तांब्याचा रोध अंशाला ०.४ टक्क्यांनी वाढतो. जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब घरात पडला असेल तर थंड असताना मल्टीमीटर लावा, चाळीस ओहमच्या आसपास दाखवेल. पेटल्यावर त्याचाच रोध पाचशेच्या वर असतो, २३० चा वर्ग भागिले १००. आणि तांबं वितळतं तेव्हा वाहकता साधारण निम्मी होते. मीठ वितळल्याने वाट उघडते, धातू वितळल्याने बिघडते. एखादा अनोळखी पदार्थ वीज कशाने वाहतो हे ओळखायचं असेल तर आधी तो तापवून बघावा आणि मग टोकांना काही बदलतं का ते पाहावं.

दहावीची_आई

प्रयोग केला, सर. भाजलेलं मीठ: काही नाही. डिस्टिल्ड वॉटर: अगदी निरखून पाहिलं तर कणभर. मीठ टाकल्यावर लख्ख. मग त्याने आपणहून साखरेचं पाणी आणि व्हिनेगर करून पाहिलं. साखरेत अंधार, व्हिनेगरमध्ये मंद उजेड. साखरही विरघळतेच ना, मग ती का नाही, आणि व्हिनेगर अर्धवट का, असं विचारतोय.

खडेमीठ

साखर विरघळते ती आख्ख्या रेणूंच्या रूपात. त्यांच्यावर भार नाही, त्यामुळे विजेच्या ओढीने ते कुठेच जात नाहीत. मीठ विरघळतं तेव्हा आयन सुटे होतात. व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाचे बहुतेक रेणू आख्खेच राहतात, शंभरात एखादाच फुटून आयन देतो, म्हणून उजेड मंद. पाण्यात हे आयन वीज सोडण्याच्या आधीपासूनच सुटे असतात, ही गोष्ट स्वांते आर्हेनियस यांनी मांडली. १८८४ मध्ये वाहकतेवरचा प्रबंध त्यांनी उप्साला विद्यापीठात दिला तेव्हा परीक्षकांना तो फारसा पटला नव्हता. १९०३ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं.

त्याला आता व्हिनेगरमध्ये थोडा खाण्याचा सोडा घालून, फेस बसल्यावर पुन्हा एलईडी बघायला सांगा. सोडा घातल्यावर आम्लाचं सोडिअम ॲसिटेट होतं, आणि ते मीठ आहे. उजेड किती वाढतो आणि का, ते त्याने स्वतः लिहावं. इथे टाकलंत तर मी जरूर वाचेन.